हापशाभोवतीची मंडळी

नगर जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात शिरा, शाळेच्या कुंपणाला लागून नाहीतर वस्तीच्या तोंडाशी एक हापसा दिसतोच. सिमेंटच्या ओट्यात रोवलेले तीन पाय, वर लोखंडी डोके आणि हजारो हातांनी गुळगुळीत केलेला लांब दांडा. मिनिटाला चाळीसेक हापसे मारले की बारा लिटरच्या आसपास पाणी येते. एक कळशी भरते. या यंत्राचे कागदोपत्री नाव ‘इंडिया मार्क टू’. आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांमध्ये आज याच रचनेचे पंप आहेत. १९९० च्या दशकापर्यंत असे पन्नास लाखांच्या घरात पंप तयार झाले होते. त्यावर कोणाचे पेटंट नाही, कुठल्याही देशातल्या कारखान्याने तो खुशाल बनवावा.

त्याची वंशावळ मात्र आपल्याकडची आहे. ती जालन्याहून निघते, नगर जिल्ह्यातल्या वडाळा बहिरोबावरून सोलापुरात पोचते आणि तिथून पुढे मद्रास-कोइमतूरकडे जाते. यातले पहिले दोन मुक्काम ख्रिस्ती मिशनांचे होते, आणि ती मिशने एका चर्चची नव्हती. जालन्याचे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांचे, वडाळ्याचे अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल पंथाचे. दोघांच्या देवळांत उपासनेच्या रीती वेगळ्या, कारभार वेगळा, पैसा येण्याची वाट वेगळी. पाणी लागेना तेव्हा दोन्हीकडचे मिस्त्री एकमेकांचा पंप उघडून बघू लागले.

ख्रिस्ती ऐक्य म्हटले की बिशपांच्या परिषदा, मसुदे आणि ठराव डोळ्यांपुढे येतात. तेही झाले, महाराष्ट्राच्या भूमीवरच झाले, आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण मला वाटते, आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसांनी एकत्र येण्याची खरी तालीम चर्चच्या वेदीपाशी केली नाही; ती शेजाऱ्याच्या गरजेपाशी केली. शेजारी बहुतेक वेळा ख्रिस्ती नव्हताच.

आधी हे सगळे वेगळे कसे झाले, ते थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात आहे. पुढे वेगवेगळ्या देशांतली मिशने आली तेव्हा भांडण नको म्हणून त्यांनी मुलूख वाटून घेतला. नगर, सोलापूर, सातारा काँग्रिगेशनल अमेरिकनांकडे. कोल्हापूर, मिरज प्रेस्बिटेरियन अमेरिकनांकडे. जालना स्कॉटिशांकडे, जिथे नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. नाशिक आणि औरंगाबाद अँग्लिकन मिशनकडे. डहाणूकडचा पट्टा ब्रेदरेनकडे. म्हणजे माणूस कुठल्या पंथाचा ख्रिस्ती, हे त्याच्या श्रद्धेवर कमी आणि त्याच्या तालुक्यावर जास्त ठरले. एडिंबरा आणि बोस्टनमधले जुने मतभेद मराठी शेतमजुराच्या घरी असे पोचले, आणि त्याला त्यांचे कारण कधी कोणी धड समजावून सांगितले नाही.

नगर जिल्ह्यात तर ही वाटणीही टिकली नाही. अँग्लिकनांची दुसरी संस्था आली, जर्मन जेझुइट फादर आले, मुक्तिफौज आली. एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन प्रकारचे ख्रिस्ती झाले. एकमेकांची मेंढरे पळवल्याच्या तक्रारी मिशनांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. भाऊ भावाच्या लग्नाला गेला तरी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, अशी घरे या भागात होती.

आणि ही सगळी माणसे पाण्यासाठी उभी कुठे राहायची? बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. बाप्तिस्मा झाला म्हणून गावच्या विहिरीने त्यांना जवळ केले नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो प्रश्न ख्रिस्ती वस्तीचाही होता. शिवाय मंडळीच्या आतही जात शिल्लक होतीच. महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती एका बाकावर बसायला कचरत. ऐक्याबद्दल लिहिताना हे झाकून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. पंथांची फूट परदेशातून आली, ही फूट आपली घरची होती.

* * *

१९६५ पासून ओळीने पावसाने दगा दिला. बिहारमधल्या दुष्काळाच्या बातम्या जगभर गेल्या. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातही विहिरी तळाला गेल्या. दख्खनचा काळा पाषाण पाण्याच्या बाबतीत कंजूष. हाताने खणलेली विहीर तीस-चाळीस फुटांवर कातळाला टेकते आणि चैत्रात आटते. त्याच कातळाच्या खालच्या भेगांमध्ये मात्र पाणी असते. तिथवर जायला हवेच्या दाबावर घण मारत खाली उतरणारी यंत्रे लागतात. ती यंत्रे या काळात परदेशी मदतीतून देशात आली, आणि जालन्याच्या स्कॉटिश मिशनने मराठवाड्यात बोअर घ्यायला सुरुवात केली.

याच वेळी दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली. १९६६ मध्ये ‘अफ्रो’ ही संस्था स्थापन झाली. तिचे पूर्ण नाव ‘अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मदतसंस्थांनी शेती आणि पाण्याच्या कामासाठी मिळून उभी केलेली ही संस्था. आज यात नवल वाटणार नाही. पण दोनच वर्षे आधीपर्यंत कॅथलिक माणसाला प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनेत भाग घेण्याची मोकळीक नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यासंबंधीचा आदेश काढला तो २१ नोव्हेंबर १९६४ चा. त्याच्या पुढच्याच महिन्यात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त महोत्सवाला आले. दार उघडले होते. त्यातून आत-बाहेर करायचे तर कामाचे निमित्त हवे होते. ते दुष्काळाने दिले. भूगर्भतज्ज्ञ, ड्रिलर, हिशेबनीस एका छपराखाली आले आणि बोअर कुठे घ्यायची यावर वाद घालू लागले. पापमुक्तीच्या सिद्धांतावरचा वाद त्यांनी बाजूला ठेवला नव्हता. त्याच्यासाठी वेळच उरला नव्हता.

बोअर झाली, पाणी लागले, आणि खरी अडचण पंपाने केली. तेव्हा बाजारात मिळायचे ते बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी आखलेले. एका कुटुंबाने दिवसाकाठी चार बादल्या काढाव्यात, एवढीच त्यांची कुवत. इथे त्याच पंपावर पहाटे चारपासून दोनशे-तीनशे माणसांची रांग. दांडा मोडायचा, पिना झिजायच्या, बोल्ट सैल व्हायचे आणि महिन्याभरात पंप बंद पडायचा. १९७४ मध्ये युनिसेफच्या पुढाकाराने देशभर पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी बहुतांश बंद आढळले. कोट्यवधी रुपयांचे पाणी जमिनीतच राहिले.

जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपने हे आधीच ओळखले होते, कारण बंद पंपाच्या तक्रारी त्यांच्याच दारात येत. त्यांनी बिडाऐवजी पोलाद घेतले, सांधे कमी केले. त्या ‘जालना पंपा’त वडाळ्याच्या मिशनने फेरफार केले आणि दोन्ही गावांच्या नावांवरून तो ‘जलवाड’ झाला. तिथून सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत स्वीडिश अभियंता ऑस्कर कार्लसन आणि हातानेच शिकलेल्या मिस्त्रींनी ‘सोलापूर पंप’ घडवला. दांड्याला एकच कणा, त्यात सीलबंद बेअरिंग, दांड्याच्या पुढच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी कमान आणि तिच्यावरून खाली लोंबणारी साखळी. साखळीमुळे आतली सळई सरळ वर-खाली होते, वाकडी ओढली जात नाही, आणि म्हणून लवकर झिजत नाही. एवढ्याशा सुधारणेने फरक पडला. युनिसेफच्या माणसांना देशभर धुंडाळून सगळ्यांत टिकाऊ पंप सापडला तो हाच. त्यावरून १९७६-७७ मध्ये रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने आणि इतर तंत्रज्ञांनी ‘मार्क टू’ आखला, कोइमतूरकडे त्याच्या चाचण्या झाल्या, आणि तो जगभर गेला.

वडाळ्याबद्दल थोडे जास्त लिहिण्याचा मोह आवरत नाही. वडाळा बहिरोबा हे नेवासे तालुक्यातले गाव. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल फेअरबँक हा मिशनरी इथे वर्षानुवर्षे राहिला. पक्षी, गोगलगायी आणि सरडे यांचा तो अभ्यासक होता, आणि ख्रिस्ती कीर्तनाला त्याने मनापासून हात दिला. टाळ-वीणा घेऊन उभे राहणारे ख्रिस्ती कीर्तनकार नगरच्या मातीत तयार झाले ते याच काळात. पुढे नारायण वामन टिळकांची पदे आली, आणि तेव्हापासून मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत पंथ कुठलाही असो, गाणे एकच झाले. स्कॉटिश मंडळीतला माणूस नगरच्या मंडळीत पाहुणा गेला तर प्रार्थनेच्या रीतीला अडखळे, पदाला अडखळत नसे. मला वाटते, मराठी ख्रिस्ती माणसाला ऐक्य पहिल्यांदा कानांनी कळले. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. १९१७ साली हा विचार करणारा माणूस आपल्या भाषेत होता, हे पंथांच्या भांडणात अनेकदा विसरले जाते.

* * *

१९२९ मध्ये लखनौला उत्तर भारतातल्या चर्चच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि एकत्र येण्याची बोलणी सुरू झाली. ती चाळीस वर्षे चालली. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा की समजत्या माणसाला? बिशप हवेत की नकोत? एका पंथाच्या पाळकाची दीक्षा दुसऱ्याने मानायची तर त्याच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवायचे का? दक्षिणेत १९४७ मध्येच चर्च ऑफ साउथ इंडिया झाले. उत्तरेला २९ नोव्हेंबर १९७० उजाडावा लागला. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्च एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) झाले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. नगरची अमेरिकन मंडळी आणि जालन्याची स्कॉटिश मंडळी युनायटेड चर्चमधून त्यात आलेली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत अखेरपर्यंत होते, पण ऐन वर्षी मागे फिरले.

बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. पाळकांच्या दीक्षेच्या वेळी सगळ्यांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली, आणि कोणाच्या दीक्षेत काय कमी होते ते देवाने भरून काढावे, असा तिचा रोख ठेवला. धर्मपंडितांना ती पळवाट वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. दोन घरे एक करताना कोणाची भांडी खरी पितळेची, हे तोलत बसले तर चूल पेटायची नाही.

कागद मात्र तोलले गेलेच. मिशनांच्या जमिनी, शाळा, दवाखाने, बंगले ट्रस्टांच्या नावावर होते. ऐक्यानंतर त्यांच्यावरून दावे उभे राहिले आणि अजूनही चालू आहेत. गुजरातमधल्या ब्रेदरेन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला की, नुसता विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. ट्रस्ट कायद्याची रीत पाळावी लागते. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल समजण्यासारखा आहे. पण ज्या मंडळीची वर्गणी वकिलांच्या फीमध्ये जाते, तिथल्या म्हाताऱ्या विधवेचा औषधाचा फंड आटतो. याचा मला राग येतो, आणि तो इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी दोन गट एकाच देवळात दोन वेळा ठरवून उपासना करतात, पोलीस बंदोबस्तात नाताळ साजरा होतो, असे प्रकार घडले आहेत. पन्नास वर्षांपूर्वी याच समाजाच्या वडीलधाऱ्यांनी स्कॉटिश पंपाला अमेरिकन मिशनचा सुटा भाग बसवून पाणी काढले होते.

* * *

रोजच्या जगण्यात गोष्टी वेगळ्या चालतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, ही रीत कुठल्या पंथाची नाही. ती महाराष्ट्राची आहे. नगरकडच्या ख्रिस्ती वस्तीत मयत झाले की पाळकसाहेबांना फोन जाण्याआधी शेजारच्या घरातून चहाचे पातेले येते, आणि दफन करून माणसे परतेपर्यंत पिठले-भाकरी तयार असते. ती करणारी बाई मिस्साला जाणारी की उपासनेला, की बौद्ध, की मराठा, हे विचारण्याची ती वेळ नसते. पेटीला खांदा देणारी पोरे सगळीकडची मिसळलेलीच असतात. खड्डा खणायला कॅथलिक दफनभूमीतून पहार-फावडी येतात. पाळकसाहेब आणि फादर एकमेकांच्या शेजारी उभे राहून माती देतात. पवित्र भोजनाच्या मेजापाशी आजही ते एकमेकांच्या हातून भाकर घेऊ शकत नाहीत. कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा मुलगा यांचे लग्न ठरले की परवानगीचे अर्ज, मुलांचा बाप्तिस्मा कुठे, रविवारी कोण कुठे जाणार, असे प्रश्न उभे राहतात आणि घरातल्या आजी ते जेवणाच्या पंगतीत सोडवतात. धर्मशास्त्र जिथे थांबले आहे तिथून संसार पुढे गेला आहे.

जानेवारीच्या १८ ते २५ तारखांना ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. १९०८ पासूनची ही प्रथा. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. यातला दुसरा मला जास्त जिवंत वाटतो. महिला मंडळाच्या बायका वेगवेगळ्या चर्चमधून येतात, दरवर्षी दुसऱ्या एखाद्या देशातल्या बायकांनी लिहिलेली प्रार्थना म्हणतात, आणि वर्गणी गोळा होते. पण खरा कारभार चहाच्या वेळी चालतो: कोणाच्या सुनेला रक्त हवे, कोणाच्या नातीला वसतिगृहात जागा हवी, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला.

मुक्तिफौजेचे उदाहरण यात वेगळे आहे. त्यांच्यात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. ऐक्याच्या कुठल्याही मसुद्यात बसायला ते अवघड. पण नगरमध्ये त्यांचे बूथ हॉस्पिटल आहे. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत, माणसे सख्ख्या नातेवाइकांच्या दारातून परत फिरत होती तेव्हा, नगरकर तिथे भरती होत होते. त्या कॉटवरच्या माणसाला कोणी पंथ विचारला नाही.

* * *

हापसा हे उत्तर कायमचे ठरले नाही, हेही सांगायला हवे. मार्क टूची एक खोड होती. आतल्या सिलिंडरमधला चामड्याचा वायसर झिजला की सगळे पाइप उपसून काढावे लागत. तीन-तीन मीटरचे जस्ताचे पाइप, खाली दीडशे फुटांपर्यंत. एकाने क्लँप आवळून धरायचा, दोघांनी पान्याने जोड सोडवायचा, बाकीच्यांनी ओढायचे. एक पाइप निसटला की सगळी माळ बोअरमध्ये जाते आणि पंप कायमचा गेला. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाची गाडी येईपर्यंत गावाने थांबायचे. मार्क थ्रीमध्ये ही खोड काढली. पाइप तसेच ठेवून आतला दट्ट्या वर घेता येऊ लागला. पण तोवर जमिनीखालचे पाणीच खाली गेले होते. ज्यांना परवडले त्यांनी पाचशे-सहाशे फुटांवर मोटारी सोडल्या, आणि वस्तीवरचा हापसा नुसती हवा ओढू लागला.

इथे एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव घेतले पाहिजे. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यात मुरले. नगरच्या सोशल सेंटरच्या कामातून त्यांनी ओळखले की पाणी उपसण्याआधी ते मुरवले पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने जर्मनीच्या मदतीचा आणि नाबार्डचा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत त्याचे काम पाहायला लोक लांबून येतात. बाखर २०२१ मध्ये गेले.

पाणलोटाचा नियम सोपा आणि निष्ठुर आहे. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे. माथ्यावर ज्याची शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण, त्याने चराईबंदी पाळायची. कुऱ्हाड बंद ठेवायची. आपल्या मुरमाड जमिनीत चर खणू द्यायचे. पाणी चढते ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीला. म्हणजे त्याग एकाचा, लाभ दुसऱ्याचा, आणि बहुतेक गावांत वरचा गरीब, खालचा सधन. हा हिशोब गावसभेत बसून मिटवावा लागतो: मजुरी आधी कोणाला, श्रमदान किती, गवत कापून न्यायचा हक्क कोणाचा, मेंढपाळाला बदल्यात काय. जिथे हे नीट ठरले तिथे काम टिकले. जिथे माथ्यावरच्या माणसाला गृहीत धरले गेले तिथे बांध फुटले आणि भांडणे राहिली. शेजारधर्म म्हणजे नुसता मायेचा ओलावा नव्हे, त्यात वाटाघाट असते, हे मी या गावांकडे बघून शिकलो. चर्चच्या ऐक्याच्या बोलण्यांत हीच गोष्ट कमी पडली असे मला वाटते. वर कोण, खाली कोण, कोणाच्या जमिनीवर चर खणले आणि कोणाच्या विहिरीला पाणी आले, हे तिथे मोकळेपणाने बोलले गेले असते तर पुढचे दावे निम्मे झाले असते.

पंपाच्या इतिहासात युनिसेफ येते, कंपनी येते, कार्लसन येतात. जालना, वडाळा आणि सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिलेल्या मिस्त्रींबद्दल ‘स्वतःच शिकलेला भारतीय मेकॅनिक’ यापलीकडे फारसे काही येत नाही. त्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात असेल. मिशनच्या पगारपत्रकांत, मंडळ्यांच्या नोंदवह्यांत, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या रजिस्टरांत ही नावे शोधता येतील. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची १८४२ पासूनची परंपरा असलेल्या समाजाला नोंदीचे वावडे नाही. नगर, जालना आणि सोलापूरच्या तिन्ही मंडळ्यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, कॅथलिक सोशल सेंटरने आपली दप्तरे त्यात उघडावीत, आणि बोअरवर मजुरी केलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या माणसांचीही नावे त्या यादीत यावीत. पुढचा ऐक्य सप्ताह जानेवारीत आहे. पहिली बैठक तेव्हा घेता येईल.